ब्रँडी विकण्यासाठी इंग्रजी शिकलेल्या फ्रेंच पोरानं पुढं सहा देश एका टेबलावर आणले

कोन्याक ही फ्रान्सची जगभर नावाजलेली ब्रँडी. कोन्याक नावाच्याच गावाच्या आसपास पिकणाऱ्या द्राक्षांपासून ती बनते. म्हणजे माल पक्का फ्रेंच. पण बाटलीवर अक्षरं दिसतात व्ही.एस.ओ.पी. आणि त्यांचा फुल फॉर्म इंग्रजी आहे, व्हेरी सुपिरियर ओल्ड पेल.

कारण सोपं आहे. या ब्रँडीचं मोठं गिऱ्हाईक इंग्रज होतं. गावातल्या बड्या पेढ्यासुद्धा बाहेरून आलेल्या लोकांनी उभ्या केलेल्या. हेनेसी आयर्लंडचा, मार्टेल जर्सी बेटावरचा, हाइन इंग्लंडचा. त्यामुळं या गावात धंदा करायचा तर इंग्रजी यायलाच पाहिजे, असा सरळ हिशोब होता.

याच गावात ९ नोव्हेंबर १८८८ ला एक पोरगा जन्मला. त्याचं नाव जाँ मोने. आज युरोपियन युनियनचा पाया घालणाऱ्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं. पण त्याची सुरुवात झाली ती धंद्याचं इंग्रजी शिकण्यापासून.

मोनेचे वडील ब्रँडीचे व्यापारी. छोट्या द्राक्ष बागायतदारांनी मिळून काढलेली कंपनी ते चालवायचे. समोर हेनेसी, मार्टेलसारखे बडे खेळाडू, त्यामुळं गिऱ्हाईक शोधायला परदेशात जावं लागायचं. परदेशातले व्यापारी घरी मुक्कामाला यायचे. जेवताना लंडन, अमेरिका, बाजारभाव असल्याच गप्पा पोराच्या कानावर पडायच्या.

शाळेत मात्र त्याचं मन रमलं नाही. १६ व्या वर्षी त्यानं शाळा सोडली. वडिलांनी आरडाओरडा केला नाही, तर पोराला थेट लंडनला पाठवलं. तिथल्या सिटी भागात, म्हणजे बँका आणि व्यापाऱ्यांच्या पेठेत, एका वाईन व्यापाऱ्याकडं त्याची सोय झाली. राहायचं त्यांच्याच घरी आणि काम शिकायचं त्यांच्याच ऑफिसात. असं दोन वर्षं चाललं.

आता कुणी म्हणेल, फ्रेंच माणसाला इंग्रजीचं काय एवढं अवघड?

१०६६ मध्ये फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं. त्यानंतर फ्रेंच भाषेतले हजारो शब्द इंग्रजीत गेले. त्यामुळं फ्रेंच माणसानं इंग्रजी पत्र उघडलं की अर्धे शब्द ओळखीचे वाटतात. आणि गोची तिथंच होते.

फ्रेंचमध्ये देमांदे म्हणजे साधं विचारणं किंवा मागणं. इंग्रजीत डिमांड म्हणजे दम देऊन मागणं. इंग्रज गिऱ्हाइकाला पत्र लिहिताना हा शब्द चुकला तर विनंतीची धमकी होते. इंग्रजीत इव्हेंच्युअली म्हणजे शेवटी का होईना, पण नक्की. तसाच दिसणारा फ्रेंच शब्द सांगतो, जमलं तर. माल नक्की येणार की जमलं तर येणार, यात व्यापाऱ्याचं दिवाळं निघू शकतं.

हिशोबाच्या शब्दांचंही तेच. फ्रेंचमध्ये आक्सियों म्हणजे कंपनीचा शेअर, ओब्लिगासियों म्हणजे बाँड. इंग्रजीत ॲक्शन म्हणजे कृती आणि ऑब्लिगेशन म्हणजे बांधिलकी. मराठी माणसाला हे पटकन कळेल. आपल्याकडं शिक्षा म्हणजे दंड आणि हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. अक्षरं तीच, अर्थ दुसराच.

असे शब्द यादी पाठ करून अंगात मुरत नाहीत. समोर खरा सौदा, खरं पत्र आणि खरा माणूस असला की मुरतात. मोनेला लंडनमध्ये नेमकं तेच मिळालं. शब्द शिकता शिकता इंग्रज व्यापारी विचार कसा करतो, दिलेला शब्द कसा पाळतो, हेही त्याला कळत गेलं.

१९०६ मध्ये, १८ व्या वर्षी, वडिलांनी त्याला ब्रँडी विकायला कॅनडाला धाडलं. निघताना सल्ला दिला की सोबत पुस्तकं घेऊ नको, गाडीच्या खिडकीतून बाहेर बघ आणि भेटेल त्या माणसाशी बोल.

कॅनडातल्या कॅल्गरीचा एक किस्सा मोनेनं आयुष्यभर लक्षात ठेवला. त्याला कुठंतरी जायचं होतं, म्हणून त्यानं रस्त्यातल्या एका अनोळखी माणसाला वाहनाबद्दल विचारलं. त्या माणसानं स्वतःचा घोडाच पुढं केला आणि काम झाल्यावर परत इथंच बांध म्हणून सांगितलं. ना ओळख, ना पाळख. क्रेडिट या शब्दाला मराठीत पत म्हणतात. त्या पतीचा अर्थ १८ वर्षांच्या पोराला कुठल्या डिक्शनरीत नाही, तर या घोड्यापाशी कळला.

पुढं कॅनडातल्या हडसन्स बे कंपनीशी त्यानं ब्रँडीचा करार केला. ही ओळख लवकरच भलत्याच कामाला येणार होती.

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. तब्येतीमुळं मोने सैन्यात जाऊ शकले नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्या व्यापारी डोक्याला खटकत होती. फ्रान्स आणि ब्रिटन एकाच बाजूनं लढत होते, पण धान्य आणि जहाजं घेताना बाजारात एकमेकांवर बोली लावत होते. भाव वाढत होते आणि नुकसान दोघांचंही होत होतं.

सप्टेंबर १९१४ मध्ये, जर्मन सैन्य पॅरिसच्या जवळ आलेलं असताना, फ्रेंच सरकार बोर्दोला हललं होतं. २५ वर्षांचे मोने ओळखीतून तिथं थेट पंतप्रधान रने व्हिव्हियानींना भेटले. दोन्ही देशांनी मिळून खरेदी करावी आणि जहाजं मिळून वापरावीत, हे त्यांनी पटवून दिलं. त्यांना लंडनला पाठवण्यात आलं. हडसन्स बे कंपनी फ्रान्ससाठी परदेशातून माल खरेदी करू लागली. १९१६ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि इटलीनं गहू एकत्र विकत घेण्यासाठी मंडळ काढलं आणि पुढं जहाजांचंही तसंच झालं.

इथं फ्रेंच आणि इंग्रजी बोलणारे बरेच होते. पण इंग्रज अधिकाऱ्याला त्याच्याच व्यापारी भाषेत, आकडे मांडून समजावू शकणारा फ्रेंच माणूस दुर्मिळ होता. मोनेंची किंमत तिथं होती.

युद्धानंतर ते लीग ऑफ नेशन्सचे उपसरचिटणीस झाले. १९२३ मध्ये घरचा धंदा अडचणीत आला म्हणून ते पद सोडून कोन्याकला परतले, कंपनी सावरली आणि नंतर अमेरिकन बँकिंगमध्ये उतरले.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच काम आलं. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळत असताना, ब्रिटन आणि फ्रान्सनं मिळून एकच देश व्हावं, असा प्रस्ताव मोनेंनी लंडनमध्ये पुढं रेटला. चर्चिल यांच्या मंत्रिमंडळानं १६ जूनला तो मान्यही केला. पण त्याच दिवशी फ्रेंच पंतप्रधान रेनो यांनी राजीनामा दिला आणि प्रस्ताव कागदावरच राहिला.

मग मोने वॉशिंग्टनला गेले, तेही ब्रिटिश सरकारचे अधिकारी म्हणून. तिथं त्यांचं हत्यार होतं व्यापाऱ्याचा रोजचा शब्द, बॅलन्स शीट. मराठीत ताळेबंद. एका बाजूला शत्रूकडं किती विमानं आणि रणगाडे आहेत, दुसऱ्या बाजूला आपल्याकडं किती आहेत. मधली तूट म्हणजे अमेरिकेच्या कारखान्यांना बनवायचा माल. सैन्याच्या किचकट अहवालांपेक्षा हा हिशोब लवकर कळायचा.

अमेरिका म्हणजे लोकशाहीचं शस्त्रागार, ही रूझवेल्ट यांनी डिसेंबर १९४० मध्ये गाजवलेली कल्पनासुद्धा आधी मोनेंच्या तोंडून निघाली होती, असं सांगितलं जातं. राष्ट्राध्यक्षांना ती वापरता यावी म्हणून न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी मोनेंना ती पुन्हा न वापरण्याची विनंती केली, असा तो किस्सा आहे.

युद्ध संपल्यावर प्रश्न होता की फ्रान्स आणि जर्मनी पुन्हा लढू नयेत म्हणून काय करायचं. मोनेंनी उत्तर पुन्हा मालातच शोधलं. कोळसा आणि पोलाद नसेल तर तोफा बनत नाहीत. मग दोन्ही देशांचा कोळसा आणि पोलाद एका सामाईक संस्थेच्या हाती द्यायचं. ९ मे १९५० ला परराष्ट्रमंत्री रोबेर शुमाँ यांनी ही योजना जाहीर केली. तिचे नऊ मसुदे झाले होते, कारण शब्द चुकला की सौदा फिसकटतो, हे मोनेंना पक्कं माहीत होतं.

फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग एकत्र आले. १९५२ मध्ये मोने त्या संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले. त्यातूनच पुढं युरोपियन युनियन उभी राहिली.

१६ मार्च १९७९ ला, वयाच्या ९० व्या वर्षी मोने गेले. ते कॉलेजात कधी शिकले नाहीत आणि निवडणूक लढवून मंत्रीही झाले नाहीत. १९८८ मध्ये त्यांच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये, व्हिक्टर ह्यूगो आणि व्होल्तेर यांच्यासोबत ठेवल्या गेल्या.

ऑफिसात चालणारं इंग्रजी शिकायला आज ॲप आहेत, क्लास आहेत, शब्दांच्या याद्या आहेत. मोनेंकडं यातलं काहीच नव्हतं. त्यांच्याकडं होतं वडिलांचं काम, समोरचं गिऱ्हाईक आणि त्याचं बोलणं नीट ऐकून घ्यायची सवय.