बेगम रुकैया : दुःखातून उभी राहिलेली शाळा

मुलीची दहावी-बारावी झाली की आपल्या घरोघरी एक विचार हमखास पुढे येतो. आता हिला आणखी शिकवून काय उपयोग, उद्या ती सासरी जाणार, तिथे नवरा तिला सांभाळील, मुले-बाळे होतील, घरदार असेल, पुस्तकांचे तिला काय काम? हा विचार करणारे आई-बाप मुलीचे वाईट चिंतीत नसतात. मुलीचा संसार सुखाचा होईल अशी त्यांची उमेद असते आणि त्या उमेदीवरच सारा हिशेब मांडलेला असतो. परंतु ज्या बाईच्या हातून नवरा, मुले आणि घर ही तिन्ही निघून गेली, तिच्यापाशी काय उरते? या प्रश्नाचा जबाब एका थोर मुस्लिम स्त्रीच्या जीवनात सापडतो. म्हणून बंगालच्या बेगम रुकैया सखावत हुसेन यांची हकीकत आपण थोडी सवड काढून वाचावी, अशी विनंती आहे.

रुकैयाबेगम यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी झाला. हे गाव आज बांगला देशात आहे. वडील मोठे जमीनदार आणि अरबी-फारसीचे जाणकार होते. मुलगे शिकावेत याबद्दल ते दक्ष असत. मुलींच्या वाट्याला मात्र कडक पडदा होता. कुरआनशरीफचे पठण आणि थोडेसे उर्दू येथेच मुलींची तालीम संपे. बंगाली ही तर भोवतालच्या रयतेची भाषा, ती खानदानी मुलीने शिकू नये अशी समजूत होती.

रुकैयाच्या थोरल्या बहिणीचे नाव करीमुन्निसा. भाऊ शिकत असताना ती कान देऊन ऐके आणि अंगणातल्या मातीवर काडीने अक्षरे गिरवी. बंगाली पुस्तकांचा तिला नाद लागला आहे हे उघड होताच तिचे वाचन बंद झाले आणि लहान वयातच तिचे लग्न लावून देण्यात आले. रुकैयाचे नशीब थोडे बरे. थोरले बंधू इब्राहीम साबेर इंग्रजी शिकलेले होते. घरातील सर्व मंडळी निजली की ते मेणबत्तीच्या उजेडात धाकट्या बहिणीला इंग्रजी आणि बंगाली शिकवीत. भावाने रात्री जागून दिलेली ही देणगी पुढे किती कामी येणार आहे, याची त्या वेळी दोघांनाही कल्पना नसेल.

विशीच्या आतच रुकैयांचा निकाह भागलपूरचे सय्यद सखावत हुसेन यांच्याशी झाला. ते डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, विलायतेत शिकून आलेले होते आणि वयाने बरेच मोठे होते. पहिली पत्नी वारलेली, तिची एक मुलगी होती. घरची भाषा उर्दू. पण हा गृहस्थ मनाचा उदार होता. पत्नीने वाचावे, लिहावे, इंग्रजी पक्के करावे यासाठी त्यांनी तिला उत्तेजन दिले. १९०२ साली रुकैयांचा पहिला लेख छापून आला. त्याचे नाव ‘पिपासा’, म्हणजे तहान. विषय होता करबलाच्या मैदानावरील तहानेचा. दोन वर्षांनी ‘मोतीचूर’ हा त्यांच्या निबंधांचा पहिला भाग निघाला.

१९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी मासिकात त्यांची ‘सुलतानाचे स्वप्न’ ही कथा प्रसिद्ध झाली. पती दौऱ्यावर गेले असता वेळ घालविण्यासाठी ती लिहिलेली होती. परत आल्यावर सखावतसाहेबांनी ती उभ्याउभ्याच वाचून काढली असे सांगतात. या कथेतल्या मुलुखात बायका राज्य चालवितात, पुरुष जनान्यात बसतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक होतो, आणि शत्रूला हटविले जाते ते विद्येच्या बळावर. सौर चुलीची गोष्ट शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पडद्यातील एका मुस्लिम स्त्रीने लिहिली, हे आपल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनींनी अवश्य ध्यानी ठेवावे.

बाहेरून पाहता संसार भरलेला होता. आत मात्र आघातावर आघात होत होते. रुकैयांना दोन मुली झाल्या आणि दोन्ही तान्हेपणीच अल्लाहला प्यारी झाल्या. पुढे सखावतसाहेबांना मधुमेहाने ग्रासले, त्यात त्यांची दृष्टी गेली. रुकैयांनी त्यांची सेवा केली. ३ मे १९०९ रोजी त्यांचा इंतकाल झाला. रुकैया तेव्हा तिशीच्या आत होत्या. कुशीत मूल नाही, डोक्यावर छत्र नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

मुलींची शाळा काढण्यासाठी पतीने १०,००० रुपये वेगळे काढून ठेवले होते. शोकात बसून राहण्याऐवजी त्यांनी हे काम हाती घेतले. पाच महिन्यांच्या आत, १ ऑक्टोबर १९०९ रोजी, भागलपूर येथे पाच मुलींची शाळा सुरू झाली. शाळेला पतीचे नाव दिले. पण येथेही सुख नव्हते. मालमत्तेवरून सावत्र मुलगी व जावई यांच्याशी कलह निर्माण झाला आणि रुकैयांना पतीचे घर आणि गाव सोडून कलकत्त्याला यावे लागले. तेथे १६ मार्च १९११ रोजी वलीउल्ला गल्लीत आठ मुलींना घेऊन त्यांनी ‘सखावत मेमोरियल’ शाळा पुन्हा उभी केली. त्याच सुमारास बर्मा बँक बुडाली आणि त्यांचा पैसाही बुडाला. वाचकहो, नशिबाने एवढे तडाखे दिल्यावर कोणी हात टेकले असते तर त्याला नावे ठेवता आली नसती. रुकैयांनी शाळा बंद केली नाही.

स्वतः त्या कधी रीतसर शाळेत गेल्या नव्हत्या. म्हणून शाळा कशी चालवितात हे त्यांनी इतर शाळांत जाऊन पाहून घेतले. शिक्षिका मिळेनात, तेव्हा मद्रास, गया, आग्रा अशा दूरदूरच्या ठिकाणांहून आणविल्या. बुरखा घालून त्या घरोघर जात आणि मुलींना पाठवा म्हणून आई-बापांची मनधरणी करीत. इल्म हासिल करणे हे मर्द आणि औरत दोघांवरही फर्ज आहे, याची त्या आठवण देत. शाळेत कुरआनशरीफच्या पठणाबरोबर भाषा, शिवण, स्वयंपाक, आजाऱ्याची शुश्रूषा, प्रथमोपचार आणि व्यायामही शिकवीत. १९१५ पर्यंत मुलींची संख्या ८४ झाली.

शाळेच्या मोटारीची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. पडदा राहावा म्हणून मोटार चहूकडून बंद केली होती. आतल्या अंधारात आणि उकाड्यात लहान मुली घाबरत, ओकत, बेशुद्ध पडत. आई-बापांच्या तक्रारी आल्या. मग झडपा काढून कापडी पडदे लावले. आता वाऱ्याने पडदे उडतात आणि मुली दिसतात, अशी दमदाटीची पत्रे आली. पहिली सोय करावी तर मुली गुदमरतात, दुसरी करावी तर समाज रागावतो! या कात्रीत सापडूनही त्यांनी शाळा चालू ठेवली, हे त्यांचे खरे धैर्य होय.

दिवसा शाळा आणि रात्री लेखणी असा त्यांचा क्रम होता. १९२४ सालच्या ‘पद्मराग’ या कादंबरीत त्यांनी एक आश्रम रंगविला आहे. तेथे निरनिराळ्या धर्मांच्या दुःखी स्त्रिया एकत्र राहतात, काम करतात, एकमेकींना आधार देतात. १९३१ साली त्यांचे ‘अवरोधबासिनी’ हे पुस्तक निघाले. त्यात अतिरेकी गोषापद्धतीच्या ४७ लहान हकीकती आहेत. त्यांतील एक सासरच्या नात्यातील बाईची आहे. किऊल स्टेशनवर गाडी बदलताना बुरख्यात पाय अडकून ती रुळांवर पडली. हमाल धावले, पण परपुरुषाचा हात लागू नये म्हणून मोलकरणीने त्यांना अडविले. गाडी सुटली आणि त्या बाईचा जीव गेला. रुकैया स्वतः बुरखा घालीत, त्याच्या बाजूने त्यांनी लिहिलेही आहे. शालीनता वेगळी आणि माणसाचा जीव घेणारी कोंडणूक वेगळी, एवढेच त्यांचे सांगणे होते.

१९१६ साली त्यांनी ‘अंजुमन-ए-खवातीन-ए-इस्लाम’ ही स्त्रियांची संस्था बंगालमध्ये स्थापन केली. गरीब विधवांना मदत, गरीब मुलींची लग्ने, वस्तीतल्या बायकांना अक्षरओळख अशी कामे तिने केली. स्वतःच्या दोन मुली गमावलेल्या या बाईने परक्यांच्या शेकडो मुलींना आईची माया दिली.

९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे बेगम रुकैया यांचे निधन झाले. स्त्रियांच्या हक्कांवरील एक लेख त्यांच्या मेजावर अपुरा राहिला होता. कलकत्त्याजवळ सोदपूर येथे त्यांचे दफन झाले. त्यांची शाळा कोलकात्यात आजही चालू आहे, आणि बांगला देशात ९ डिसेंबर हा दिवस त्यांच्या नावाने पाळला जातो.

आता पालकहो, पहिल्या प्रश्नाकडे वळू या. पती, मुली, घर, पैसा, सारे गेल्यावर रुकैयांपाशी उरली ती भावाने मेणबत्तीच्या उजेडात दिलेली अक्षरे. त्यांच्या जोरावर त्या स्वतः तगल्या आणि दुसऱ्यांच्या मुलींना तगविले. आपल्या मुलीचा संसार सुखाचा व्हावा अशी दुआ आपण जरूर करावी. पण तिला शिकविण्याचे काम केवळ नशिबावर सोपवू नये. आणि घरातल्या थोरल्या मुलांनो, इब्राहीमभाईंना विसरू नका. बहिणीच्या शेजारी रोज तासभर पुस्तक घेऊन बसायला मेणबत्तीचीही गरज आता उरलेली नाही.

अल्लाहतआला बेगम रुकैया यांना जन्नतुल फिरदौसमध्ये जागा देवो, आणि येत्या जूनमध्ये आपल्या समाजातील एकाही मुलीचे नाव शाळेच्या पटावरून कमी न होवो. आमीन.