विरक्त श्रेष्ठी पट्टिनत्तार

चेन्नईहून उत्तरेस गुम्मिडिपूंडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तिरुवोट्रियूर लागते. तेथे समुद्राजवळ महात्मा पट्टिनत्तार यांची समाधी आहे. तमिळ शैवांच्या तिरुमुरै या स्तोत्रसंग्रहाच्या अकराव्या भागात त्यांच्या नावावर पाच काव्ये आहेत. ते कवी व पुढील काळातील विरक्त सिद्ध हे दोन भिन्न पुरुष असावेत, असे अभ्यासक मानतात. परंतु लोकपरंपरेने दोघांचे एकच चरित्र केले आहे व तेच येथे सांगावयाचे आहे.

कावेरी जेथे सागरास मिळते त्या कावेरीपूम्पट्टिनम् नगरीत तिरुवेंगडर नामक धनाढ्य व्यापारी राहत. त्यांची गलबते दूरदेशी जात. पोटी संतान नसल्याने मरुदवाणर नावाच्या बालकास त्यांनी पुत्र मानले. मोठा होऊन तो समुद्रपर्यटनास गेला आणि परतताना गोवऱ्या घेऊन आला! पित्याचा क्रोध अनावर झाला. परंतु पुत्र एक पेटी ठेवून नाहीसा झाला होता. पेटीत नेढे मोडलेली सुई व एक ताडपत्र होते. अंतकाळी एवढीशी निरुपयोगी वस्तूदेखील बरोबर येत नाही, हा त्याचा आशय. श्रेष्ठींनी त्याच दिवशी सर्वस्व सोडले. अंगावर लंगोटी तेवढी राहिली.

ज्या नगरीत त्यांची गलबते लागत तेथेच ते भिक्षा मागू लागले. भगिनीस ही कुळाची अप्रतिष्ठा वाटली व तिने विषमिश्रित अप्पम दिले. त्यांनी ते तिच्याच छपरावर फेकले आणि छप्पर पेटले, असे सांगतात.

मातेस मात्र त्यांनी अंत्यसमयी येण्याचे वचन दिले होते. संन्याशाने अंत्यसंस्कार करू नयेत, असा शिष्टाचार. तरी ते आले. आप्तांनी रचलेली सुकी लाकडे दूर सारून त्यांनी केळीच्या ओल्या सोपटांची चिता रचली, आईच्या उपकारांची पदे गाइली आणि अग्नी प्रकट झाला. श्रीशंकराचार्यांच्या चरित्रातही असाच प्रसंग येतो. धन सोडणे त्या मानाने सोपे होते. येथे विरक्तीच्या रूढीसही त्यांनी जुमानले नाही.

उत्तरेकडील राजा भद्रगिरी त्यांचा शिष्य झाला. कित्येक त्यालाच भर्तृहरी मानतात, ज्याची शतके वामनपंडितांनी मराठीत आणली. तिरुविडैमरुदूरच्या मंदिरात दोघे दोन द्वारांशी बसत. एकदा भिक्षा मागणाऱ्यास पट्टिनत्तारांनी पलीकडच्या संसारी माणसाकडे धाडले. भद्रगिरीपाशी एक भिक्षापात्र व एक कुत्रा होता, एवढाच तो संसार! लज्जित होऊन त्याने पात्र कुत्र्यावर भिरकावले. पात्र फुटले, कुत्राही मेला. कथेचा हा भाग मनास टोचतो, परंतु परंपरा तो वगळत नाही.

शेवटी पट्टिनत्तार तिरुवोट्रियूरच्या वाळूत मुलांशी खेळत. मुले त्यांना टोपलीखाली झाकीत आणि ते भलतीकडूनच प्रकट होत. एके दिवशी ते बाहेर आलेच नाहीत. मुलांनी टोपली उचलली, तो तेथे शिवलिंग होते.