मुलांचे रडणे मनावर घेणारा डॉक्टर



लहान मूल इस्पितळात ठेवायचे आणि आईवडिलांनी मात्र ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासालाच भेटायचे. १९५० च्या सुमारास इंग्लंडमधील अनेक इस्पितळांत हीच रीत होती. आई भेटून गेली की मूल रडते, तेव्हा आईनेच फारसे येऊ नये, असा हिशेब! तो खोटा ठरविणाऱ्या डॉ. जॉन बोल्बी यांची ओळख आज आम्ही करून देत आहोत.

बोल्बी यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील नामांकित शल्यचिकित्सक. अशा श्रीमंत घरांत तेव्हा मुले दाईच्या हाती असत. आईची भेट दिवसाकाठी चहानंतरचा तासभर. जॉन चार वर्षांचा होत आला असताना त्याची लाडकी दाई घर सोडून गेली. ते दुःख ते मोठेपणीही विसरले नाहीत. पुढे निवासी शाळा नशिबी आली.

केंब्रिजला शिकून त्यांनी काही काळ वर्तन बिघडलेल्या मुलांच्या शाळेत काम केले. मग वैद्यक आणि मनोविश्लेषणाकडे वळले. १९३८ साली ते एका मुलावर उपचार करीत होते. त्यांच्या मार्गदर्शक मेलनी क्लाइन यांनी त्यांना मुलाच्या आईशी बोलायची मनाई केली. मुलाचे कल्पनाविश्व तेवढे पाहायचे! बोल्बींना हे पटेना. (सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हीही माणसाचा विचार आईशिवायच करीत होतो, हे कबूल करतो.)

चोरी करणाऱ्या ४४ मुलांचा त्यांचा अभ्यास १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ मुलांना कोणाविषयी मायाच उरली नव्हती, आणि त्या १४ पैकी १२ जण लहानपणी दीर्घकाळ आईपासून दुरावलेले होते. आकडा लहान, पण दुर्लक्ष करण्याजोगा नव्हे. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी बेघर मुलांविषयी अहवाल लिहिला. १९५२ साली त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात आठ दिवस राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचा चित्रपट दाखविला. डॉक्टर मंडळी संतापली. तरीही १९५९ मध्ये सरकारी समितीने आईवडिलांना मोकळेपणी भेटू द्यावे, अशी शिफारस केली.

त्यांच्यावर टीकाही झाली. नोकरी करणाऱ्या आयांना त्यांनी अपराधी ठरविले, असे अनेकांना वाटले. पहाटेची लोकल पकडणाऱ्या आमच्या भगिनींनी मात्र घाबरू नये. मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये दाखविले की सगळा दोष दुराव्याचा नसतो. घरातील भांडणेही मुलाला तितकीच भोवतात. शिवाय मूल वडिलांना, आजीलाही जीव लावते. मेरी एन्सवर्थ यांनी तर आई खोलीबाहेर गेल्यावर मूल किती रडते याहून, ती परतल्यावर ते काय करते, हे अधिक बारकाईने पाहिले.

बोल्बींचे तीन खंड १९६९, १९७३ आणि १९८० साली निघाले. २ सप्टेंबर १९९० रोजी स्कॉटलंडमधील स्काय बेटावर त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचे शेवटचे पुस्तक आले होते, चार्ल्स डार्विनचे चरित्र. डार्विनच्या जन्मभराच्या दुखण्याचे मूळ त्यांनी आठव्या वर्षी झालेल्या आईच्या मृत्यूत, घरात कोणी न बोललेल्या त्या दुःखात शोधले होते.