सिंदखेडची लेक आणि कसब्याचा गजानन

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला घरोघरी पार्थिव गणेशाची प्राणप्रतिष्ठा होते आणि पुढे पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत पहिला मान कसबा गणपतीला दिला जातो. त्या ग्रामदैवताचे देऊळ ज्या माउलीने उभारविले ती आमच्या वऱ्हाडची, बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाची लेक, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते.

राजमाता जिजाऊसाहेबांचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी, पौष पौर्णिमेस झाला असे मानतात. पिता लखुजीराव जाधवराव निजामशाहीतील मातब्बर सरदार. सिंदखेडला गेल्यास त्यांचा राजवाडा, नीलकंठेश्वराचे पुरातन देवालय, मोती तलाव आणि लखुजीरावांची भव्य समाधी आजही पाहावयास मिळते. देवालयाशेजारी जलाशय राखणारे ते घराणे. देवाचा आणि रयतेचा योगक्षेम एकाच हाताने वाहावयाचा, ही रीत जिजाऊंना माहेरीच दिसली असली पाहिजे.

भोसल्यांकडे सून म्हणून आल्यावर सुख थोडे आणि संकटे उदंड. खंडागळ्यांच्या हत्तीच्या प्रकरणात माहेर व सासर यांच्यात तरवारी चालल्या आणि दोन्हीकडचे जीव गेले. पुढे २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारी, लखुजीराव पुत्रपौत्रांसह दग्याने मारले गेले. त्या वेळी जिजाऊ गरोदर होत्या. सात महिन्यांच्या आतच, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला. त्यामागोमाग घोर दुष्काळ, आणि विजापूरकरांच्या फौजेने केलेला पुण्याचा विध्वंस. गाव बेचिराख करून तेथे गाढवांचा नांगर फिरविला अशी कथा आहे. अशा भूमीत वस्तीस यावयाला कोण धजणार?

त्याच पुण्यात जिजाऊ बालशिवबांस घेऊन आल्या. परंपरा सांगते की, ठकार यांच्या घराजवळ शेंदूरचर्चित तांदळा गणेश प्रकटला आणि जिजाऊसाहेबांनी त्याचे देऊळ बांधविले. शापित मानल्या गेलेल्या जमिनीवर सोन्याचा नांगर फिरविल्याची कथाही त्याच काळची. देऊळ उभे राहिले, पूजेअर्चेची व्यवस्था लागली, तसा परागंदा झालेल्या रयतेलाही धीर आला. ग्रामदैवत आहे म्हणजे गाव आहे, हे आपल्याकडचा अडाण्यातला अडाणी कुणबीही जाणतो.

आम्हां कीर्तनकारांचा ओढा साहजिकच गोष्टींकडे. मातोश्रींनी रामायण-महाभारत ऐकविले म्हणून महाराज घडले, असे उत्तररंगात आम्ही रंगवून सांगतो, आणि ते खोटेही नाही. परंतु रामाच्या कथा तेव्हा घरोघरी सांगितल्या जात होत्या. आमच्या मते शिवबांनी ऐकले त्याहून पाहिले ते मोलाचे. भग्न गावात आपली आई प्रथम देवाला छप्पर देते, गुरवा-पुजाऱ्यांची सोय लावते, गाऱ्हाणे घेऊन आलेल्याचा निवाडा करते, हे त्या बालकाच्या डोळ्यांसमोर घडत होते.

त्याचे फळ पुढे दिसले. १६६८ मध्ये महाराजांनी गोमंतकात नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. पोर्तुगीजांनी दिवाडी बेटावरील मूळ स्थान उद्ध्वस्त केल्यामुळे तो देव तेथे आणावा लागला होता. देवस्थानांची दिवाबत्ती आणि नैवेद्य त्यांनी चालविले, तसेच पीर-मशिदींच्या चालत आलेल्या नेमणुकाही बंद केल्या नाहीत. १६६४ साली सुरत लुटली तेव्हा फादर अँब्रोझ या ख्रिस्ती धर्मगुरूच्या घराला धक्का लागू दिला नाही, हे फ्रेंच प्रवासी बर्निए याने नोंदविले आहे. परधर्माचा उपासकही उपासकच, ही दृष्टी आजच्या अनेक सुशिक्षितांनाही साधत नाही!

त्याच १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे कर्नाटकात निवर्तले. जिजाऊ सती जावयास निघाल्या असता महाराजांनी गळ्यात मिठी घालून त्यांना परावृत्त केले, असे बखरकार सांगतात. माता राहिली. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी श्रीक्षेत्र महाबळेश्वरी महाराजांनी तिची सुवर्णतुला केली आणि ते सोने दान दिले. सोबत वृद्ध सेवक सोनोपंत डबीर यांचीही तुला झाली. ज्या आईने देवाला घर दिले, तिलाच पुत्राने देवाच्या दारी पारड्यात बसविले. हा प्रसंग सांगताना आमचा कंठ दाटून येतो. श्रोत्यांतील म्हाताऱ्या पदराने डोळे टिपतात.

१६६६ मध्ये महाराज आग्र्यास अडकले असता राज्याचा भार याच माउलीने वाहिला. ६ जून १६७४ रोजी रायगडी राज्याभिषेक झाला. तो सोहळा डोळे भरून पाहून अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून रोजी, पायथ्याच्या पाचाड गावी जिजाऊसाहेबांनी देह ठेवला. त्यांची समाधी तेथेच आहे, पित्याची सिंदखेडला. यंदा गणेशदर्शनाला पुण्यास जाणाऱ्या भाविकांनी कसब्याच्या देवळात ओंजळभर दूर्वा सिंदखेडच्या या लेकीच्या नावेही वाहाव्यात.