अण्णांची वर्गणी

वर्गणीची वही हाती घेऊन दुसऱ्याच्या दारी उभे राहणे किती कठीण असते, हे ज्याने एकदा तरी केले आहे त्यालाच कळते. लिंबायतीतील आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची घरे खानदेशातून पोटासाठी सुरतेस आलेली आहेत. यंत्रमागावर राबून मिळालेल्या मजुरीतून शाळेच्या एखाद्या कार्यासाठी पाच-दहा रुपये काढून देणे त्यांच्या पालकांना सोपे नसते. मागणाऱ्याला संकोच वाटतो आणि देणाऱ्याला ओढाताण सोसावी लागते. अशा वेळी आम्हांस महर्षी धोंडो केशव कर्वे ऊर्फ अण्णा यांचे स्मरण होते. स्त्रीशिक्षणाचे कार्यकर्ते म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्या कार्यासाठी जवळजवळ साठ वर्षे लोकांकडून पैसा मिळविणारा आणि त्याचा चोख हिशेब ठेवणारा माणूस म्हणून त्यांची ओळख विद्यार्थ्यांनी करून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात शेरवली येथे झाला. बाळपण गेले दापोलीजवळच्या समुद्रकाठच्या मुरूड गावी. आम्हीही घरी कोकणी बोलणारे, समुद्रकाठचेच. म्हणून त्या गावच्या गरिबीची कल्पना आम्हांस सहज करता येते. मराठी शाळेची शेवटची परीक्षा देण्यासाठी हा मुलगा सोबत्यांसह घाट चढून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्यास गेला. पण तो वयाने लहान दिसतो, या कारणास्तव त्याला परीक्षेस बसू दिले नाही! तो तसाच माघारी आला आणि पुढे कोल्हापुरास जाऊन ती परीक्षा उत्तीर्ण झाला. नकार ऐकूनही पुन्हा त्याच वाटेने चालू लागण्याची ही सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

मुंबईत शिक्षण घेऊन १८८४ साली अण्णा पदवीधर झाले आणि शिकवण्या करून प्रपंच चालवू लागले. त्याच काळात त्यांनी मुरूड फंड काढला. गावाबाहेर नोकरीस असलेल्या प्रत्येक मुरूडकराने आपल्या प्राप्तीचा ठरावीक भाग गावासाठी द्यावा, अशी ती योजना होती. रक्कम लहान असली तरी ती नियमाने द्यायची होती, आणि मागणारा स्वतः पहिला देणारा होता. अण्णांच्या पुढील सर्व कार्याचे बीज आम्हांस या फंडात दिसते. एकदाच मोठी देणगी देऊन मोकळा होणारा माणूस संस्थेला विसरू शकतो. दरमहा थोडे देणारा मात्र तिला आपली समजू लागतो.

१८९१ साली अण्णा पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारल्या. पुढे ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. याच पुढे आनंदीबाई अथवा बाया म्हणून प्रसिद्ध झाल्या. ज्या मुरूडसाठी त्यांनी फंड जमविला, त्याच मुरूडकरांनी सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. अण्णांनी गावावर राग धरला नाही.

त्याच साली त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. परंतु विवाहास उत्तेजन द्यावयास पुष्कळ लोक कचरत. तेव्हा १८९५ साली मंडळीचे नाव बदलून विधवाविवाहप्रतिबंधनिवारक मंडळी असे ठेवण्यात आले. उत्तेजन देण्याचे धैर्य नसले तरी वाटेतील अडथळा दूर करण्यास हरकत नाही, असे मानणारेही आता सामील होऊ शकत होते. १८९६ साली विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रम मंडळी निघाली, तेव्हा अण्णांनी हे कार्य पुनर्विवाहाच्या चळवळीपासून निराळे ठेवले. शिक्षणाला मदत करणारा मनुष्य पुनर्विवाहाच्या नावाने बिचकू नये, हा त्यांचा हेतू होता. काही सुधारकांना हे मिळमिळीत वाटले असेल. पण ज्या कामासाठी पैसा घेतला त्याच कामासाठी तो खर्च व्हावा, हा प्रामाणिकपणा त्यात होता.

पुण्याबाहेर हिंगणे येथे रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी आश्रमास जमीन दिली आणि झोपडी बांधण्यास पैसे दिले. १९०० साली आश्रम तेथे गेला. कॉलेजातील काम आटोपले की अण्णा चिखलकाट्यांची ती वाट पायी तुडवीत आश्रमात जात. सुट्टी लागली की वर्गणीसाठी गावोगाव फिरत. पदरची पुंजीही त्यांनी आश्रमास वाहिली. येथे एक गोष्ट आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. या दानाचा भार घरच्या माणसांवर पडला. आनंदीबाईंनी काटकसरीने संसार रेटला, त्याविषयी मनातली खंतही बोलून दाखविली, आणि तरीही त्या स्वतः आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत हिंडल्या. अण्णांचे चरित्र सांगताना बायांचा हा वाटा न सांगणे म्हणजे हिशेबातील एक मोठी रक्कम गाळण्यासारखे होय.

१९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. महात्मा गांधींचे इंग्रजीच्या प्रश्नावर मतभेद होते. तरीही त्यांनी वर्षाला दहा रुपयांची वर्गणी देऊ केली आणि अण्णांनी ती आनंदाने घेतली. १९२० साली मुंबईचे गुजराती उद्योगपती सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली. त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठास मिळाले. मराठी माणसाच्या श्रमांना गुजराती माणसाच्या धनाची जोड मिळाली, हे सुरतेत राहणाऱ्या आपणां सर्वांस अभिमानास्पद आहे. परंतु मोठ्या देणगीबरोबर अटीही येतात. पुढे विश्वस्तांशी मतभेद होऊन वार्षिक रक्कम काही काळ थांबली. अखेर समेट झाला आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. एकाच मोठ्या हातावर विसंबणे किती अवघड असते, हे त्या वर्षांत दिसून आले. सत्तरी ओलांडलेले अण्णा मात्र १९२९ पासून युरोप, अमेरिका, जपान आणि मग पूर्व आफ्रिका असा प्रवास करून संस्थेची माहिती सांगत व मदत मिळवीत होते.

१९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. ज्यांच्या विद्यापीठास पंधरा लाख मिळाले होते, ते अण्णा पुन्हा पुण्यात दारोदार लहानसहान वर्गण्या गोळा करू लागले. आपल्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनातील वाटा त्यांनी आधीच काढून ठेवला होता. १९५८ साली त्यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, शंभरी ओलांडून, ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, वर्गणीची वही घेऊन तुम्ही कोणाच्या दारी जाल तेव्हा पहिल्या ओळीवर आपले स्वतःचे नाव आहे ना, हे आधी पाहा. मग ती रक्कम एक रुपया का असेना. कोणी नाही म्हटले तर नमस्कार करून पुढे चला, आणि ज्याने दिले त्याला काम झाल्यावर हिशेब दाखविण्यास पुन्हा त्याच दारी जा. मागण्यासाठी जाणारे पुष्कळ असतात. हिशेब घेऊन परत जाणारे थोडे असतात, आणि अण्णा त्या थोड्यांपैकी होते.