कविवर्य नारायण वामन टिळक आणि मुकी सृष्टी

धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत संतांची, मिशनऱ्यांची व आपल्या पूर्वजांची चरित्रे यावीत हे स्वाभाविकच होय. त्या पंक्तीत आम्ही एका प्रॉटेस्टंट कवीस बसवीत आहो, हे पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल. त्यांचे समाधान आरंभीच केलेले बरे. सन २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी पृथ्वीच्या सांभाळाविषयी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र सर्व जगास लिहिले. त्याच्या आरंभीच्या पृष्ठांत त्यांनी कुलगुरू बार्थोलोम्यू ह्यांचा मोठ्या आदराने उल्लेख केला आहे. हे कुलगुरू आमच्या ख्रिस्तसभेतील नव्हेत, ऑर्थोडॉक्स सभेतील आहेत. जेथे पोपमहाराजांस संकोच वाटला नाही, तेथे एका धर्मग्रामाच्या पाद्र्याने रेव्हरंड टिळकांचे नाव घेण्यास संकोच का करावा? शिवाय मुक्या प्राण्याच्या दुःखाविषयी टिळकांनी जे काव्य लिहिले, त्याने महाराष्ट्रातील लेकरांच्या डोळ्यांत जितके पाणी आणिले तितके आमच्या कोणाच्याही प्रवचनाने आणिलेले नाही, हे आम्ही मोकळ्या मनाने कबूल करितो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील स्वभावाने कठोर होते. आई मात्र कोमल अंतःकरणाची व काव्याची आवड असलेली. ही माउली मुलाच्या बालपणीच निवर्तली आणि नारायणाचे घरातून लक्ष उडाले. नाशिकास येऊन त्यांनी संस्कृताचा व्यासंग केला. १८८० मध्ये त्यांचा विवाह जलालपूरच्या गोखले घराण्यातील मुलीशी झाला. ह्याच पुढे महाराष्ट्रास ‘स्मृतिचित्रे’ देणाऱ्या लक्ष्मीबाई होत. टिळकांची वृत्ती मोठी अस्थिर होती. आज शिक्षक, उद्या कीर्तनकार, परवा संपादक. मनात आले की काही न सांगता निघून जावे आणि घरच्या माणसांनी वाट पाहत बसावे, असा त्यांचा क्रम असे. हातात पैसा आला तर तो पहिल्या गरजवंतास देऊन टाकावा. मग चुलीचे काय, ही चिंता लक्ष्मीबाईंनी वाहावी.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचा परिचय झाला आणि त्याने त्यांस नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी आले व तेथेच खिळून राहिले. ज्या प्रवचनात प्रभू आकाशातील पाखरांकडे व रानातील फुलांकडे बोट दाखवून पित्याची काळजी शिकवितो, त्याच प्रवचनाने ह्या मनुष्याचे मन जिंकावे ह्यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. ज्यास पुढे सर्व महाराष्ट्राने फुलामुलांचा कवी म्हटले, त्यास फुले, मुले व पाखरे ह्यांच्याच भाषेत बोलणारा गुरू भेटला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे चरित्रकाराची लेखणी अडखळते. ह्या बाप्तिस्म्याने घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन नातेवाइकांच्या आश्रयास राहिल्या. नवरा जिवंत असता त्यांच्या वाट्यास परकेपण, लोकांची टोचणी व रात्रंदिवस अश्रू आले. काही वर्षांनी त्या पतीकडे परत आल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. विवेकाची हाक आली असता तीस ओ दिलीच पाहिजे, हे आम्ही शिकवितो व त्यात पालट करीत नाही. परंतु पाखराच्या पिलांसाठी ज्याचे काळीज तुटे, त्याच्या स्वतःच्या घरट्यातील पिलू कित्येक वर्षे बापावाचून वाढले, हेही चरित्रात लिहावे लागते. लक्ष्मीबाईंनी हे सर्व लिहिले, आणि तेही हसत हसत, कडवटपणा न ठेविता. आमच्या मते ह्या चरित्रातील अधिक मोठा चमत्कार तोच होय.

आता त्या प्रसिद्ध कवितेकडे येऊ. तिचे नाव ‘केवढे हे क्रौर्य!’ एका पक्षिणीच्या उरात बाण शिरला आहे. ती पडते, उठते, पुन्हा उडते. रक्त गळत आहे, दिशा दिसेनाशा झाल्या आहेत, तरी ती घरट्याच्या ओढीने चाललीच आहे. चोचीत पिलांसाठी घेतलेला घास तिने सोडलेला नाही. पिलांस काय ठाऊक? ती आनंदाने चोची पसरतात. मरता मरता ती त्यांस सांगते की हा शेवटचा घास, ह्यापुढे अनाथांचा पिता असलेला प्रभू तुमचा सांभाळ करील. सकाळी गाणे गाऊन आपण माणसांस रमविले, तीच माणसे जीव घेतील हे मनातही आले नाही, असे ती म्हणते. एका दुर्बळ निरपराध पाखरास मारून हा नर मोठाच शूर ठरला, असा टोला ती मारिते, आणि प्राण सोडिते.

वाचकहो, ह्या कवितेत उपदेश जवळजवळ नाहीच. मारणाऱ्याचे नाव नाही, त्यास शिक्षा नाही. मनुष्याचा न्याय येथे पाखराने केला आहे, आणि अनाथ पिलांचा हवाला देवावर टाकिला आहे. आम्ही शाळेत असता ही कविता तोंडपाठ म्हणत होतो, आणि त्याच वेळी आमच्या खिशात बेचकी होती. मधल्या सुटीत तिचा उपयोगही झाला. एका साळुंकीचे ते पांढुरके पोट आकाशाकडे होऊन मातीत पडलेले आम्ही पाहिले, तेव्हा कवितेचा अर्थ प्रथम कळला. मास्तरांस आम्ही काही सांगितले नाही. पुढे पापनिवेदनात मात्र सांगितले, आणि त्या वृद्ध धर्मगुरूंनी ते क्षुल्लक म्हणून हसण्यावारी नेले नाही.

पुष्कळ श्रद्धाळू माणसांची अशी समजूत असते की पशुपक्ष्यांची दया हा हौसेचा भाग असून धर्माचा नव्हे. पवित्र शास्त्र तसे म्हणत नाही. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात आज्ञा आहे की वाटेवर घरटे आढळले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर आईस पिलांसह धरू नये. तीस सोडून द्यावे. नियमशास्त्रासारख्या गंभीर ग्रंथात एका पक्षिणीसाठी जागा केली आहे, आणि तिच्या मातृत्वाचा मान राखिला आहे! १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातही, प्राण्यांस विनाकारण यातना देणे वा मारणे हे मनुष्याच्या प्रतिष्ठेस न शोभणारे आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. त्याच ठिकाणी दुसरीही सूचना आहे, की जे द्रव्य दुःखी माणसांस मिळावयास हवे ते प्राण्यांच्या लाडांत खर्चू नये.

ही दुसरी सूचना टिळकांस लागू करून पाहावी. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ नगर जिल्ह्यावर व गोदावरीच्या अलीकडील आपल्या मराठवाड्यावरही कोसळला. चारा नाही, पाणी नाही. गुरे आधी मेली, मागून माणसे. त्या काळात व त्यानंतर टिळक दांपत्याच्या नगरकडील घरात पोरक्या मुलांची वर्दळ असे. स्वतःच्या घरात आज काय शिजणार ह्याची खात्री नसता ह्या मनुष्याने परक्या लेकरांस आत घेतले, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांस पोटाशी धरिले. पाखराचा कैवार घेणारा माणसास विसरतो, असा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकितो. निदान ह्या घरी तरी पाखराची व माणसाची दया एकाच चुलीवर शिजत होती.

सृष्टीकडे पाहावयास शिकविण्याचे काम टिळकांनी आणखी एका रीतीने केले. १९०७ मध्ये जळगावास कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, जे पुढे हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींवरील आपल्या ग्रंथामुळे विख्यात झाले. कवींच्या सभेचा अध्यक्ष वनस्पतिशास्त्रज्ञ असावा, हा योग आम्हांस फार गोड वाटतो. हल्ली तो जुळत नाही. तेथे त्र्यंबक बापूजी ठोंबरे ह्या खानदेशातील पोरसवदा कवीस ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. हा मुलगा पुढे टिळकांच्या नगर येथील घरी येऊन राहिला. तो हिंदू, घर ख्रिस्ती. परंतु लक्ष्मीबाईंनी त्याचे रुसवेफुगवे पोटच्या पोरासारखे सोसले. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्या ह्या कवीवर टिळकांची माया जडली होती, ह्याहून अधिक काय सांगावे?

आपल्या संतांशी टिळकांनी नाते तोडिले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशी त्यांची भावना होती. म्हणून आपल्या जिल्ह्यातील एका संताचे स्मरण येथे अप्रस्तुत होणार नाही. पैठणच्या एकनाथमहाराजांनी रामेश्वरास अर्पावयाची गंगेची कावड उन्हात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, अशी कथा घरोघर सांगतात. त्याच पैठणास आज जायकवाडीचा नाथसागर पसरला आहे. १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य झाला. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तेथे उतरतात, रोहितही येतात. आणि त्याच हिवाळ्यात, संक्रांतीच्या सुमारास, आमच्या छत्रपती संभाजीनगरातील झाडांवर नायलॉनचा मांजा लोंबत असतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली. तरी तो मिळतो, आणि तो विकत घेणारे हात सगळे परधर्मीयांचेच असतात असे नव्हे. बाणाने निदान एका क्षणी वेध घेतला होता. मांजा झाडावर राहतो आणि पतंग उडविणारा घरी जेवावयास गेल्यावर पाखरास धरितो.

टिळकांच्या उत्तरायुष्याविषयी थोडक्यात सांगितले म्हणजे पुरे. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराचा त्याग करून संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंस त्यात स्थान होते. ही कल्पना आमच्या ख्रिस्तसभेच्या शिकवणीशी जुळत नाही, आणि जुळते असे आम्ही भासवीत नाही. त्यांची भजने मात्र मराठी ख्रिस्ती मंडळींत आजही गाइली जातात.

९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूचे चरित्रकाव्य त्यांच्या हातून अपुरेच राहिले होते. ज्या स्त्रीस शाळेचे तोंड पाहावयास मिळाले नव्हते, जिला ह्या कवीने कधी वाऱ्यावर सोडिले होते, त्या लक्ष्मीबाई ते पुढे लिहावयास बसल्या. अध्यायामागून अध्याय रचीत त्यांनी ते जवळजवळ तडीस नेले, आणि १९३६ मध्ये त्याही प्रभूकडे गेल्या. छापलेले ‘ख्रिस्तायन’ महाराष्ट्राच्या हाती आले ते त्यानंतर, १९३८ मध्ये.