पोलिओच्या विषाणूचा माग काढणारे लँडस्टायनर

लायसन्सवर आपला रक्तगट छापलेला असतो. हे रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांनीच पोलिओचा विषाणूही उघडकीस आणला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. २६ जून हा त्यांचा स्मृतिदिन.

त्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रियात झाला. वडील पत्रकार, मुलगा सहा वर्षांचा असतानाच ते गेले. आईने वाढवलं. १८९१ मध्ये ते व्हिएन्नात डॉक्टर झाले, पण रमले प्रयोगशाळेतच. १९०१ मध्ये त्यांनी रक्तगटांचा शोध जाहीर केला.

१९०८ मध्ये ते व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात शवविच्छेदन विभाग सांभाळत होते. त्या काळी धडधाकट मूल तापाने फणफणायचं आणि दोन-चार दिवसांत पाय लुळा पडायचा. कशामुळे, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. असाच एक नऊ वर्षांचा मुलगा दगावला. लँडस्टायनर आणि सहकारी एर्विन पॉपर यांनी त्याच्या मज्जारज्जूचा अंश ससे, गिनीपिग आणि उंदरांना टोचला. काहीच झालं नाही. मग दोन माकडांना टोचला. एक मेलं, दुसऱ्याचे पाय लुळे पडले. दोन्ही माकडांच्या मज्जारज्जूत त्या मुलासारखीच इजा दिसली, जिवाणू मात्र कुठेच सापडेना.

पुढच्या वर्षी पॅरिसचे कॉन्स्टँटिन लेव्हादिती यांच्यासोबत त्यांनी हाच अंश जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला. गाळून आलेल्या द्रवानेही माकड आजारी पडलं. म्हणजे आजाराचं मूळ जिवाणूहून बारीक होतं. तो विषाणू होता.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात खायची भ्रांत पडली. लँडस्टायनर कुटुंबासह आधी हॉलंडला, मग न्यूयॉर्कला गेले. १९३० मध्ये रक्तगटांच्या शोधासाठी नोबेल मिळालं. जून १९४३ मध्ये प्रयोगशाळेतच हृदयविकाराचा झटका आला आणि दोन दिवसांनी ते गेले. वय ७५.

पोलिओची पहिली लस आली १९५५ मध्ये. ती पाहायला ते नव्हते. भारतात मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी शोध थांबलेला नाही. १५ वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की आजही शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. विषाणूला राज्याची हद्द कळत नाही. म्हणून असं मूल दिसलं, तर जवळच्या सरकारी दवाखान्यात लगेच कळवायला हवं.